पापण्यांवर रंगवलेले डोळे

दिनकर बागल वारले त्याला वर्ष उलटलं होतं, तरी संध्याकाळी ते दूधकट्ट्यावर हजर असत. म्हशीची धार थेट पेल्यात पडे, लोक ओठांवरचा फेस पुसत आणि बागल पेला नुसता हातात धरून बसत. पिण्याची सोय त्यांच्यात केलेली नव्हती.

"मामा, ‘पाऱ्याची माणसं’ मधली माणसं पापणी कशी वो लववत न्हाईत?" कुणीतरी विचारायचंच.

"लववतील कशी? डोळं मिटलेलंच हुतं की," बागल खुलून सांगत. "मी मिटल्या पापण्यांवर डोळं रंगवायचो. समदी आंधळ्यागत उभी. मनगटाला दोरा बांधून चालवायचो त्यास्नी."

कोल्हापुरात हा चित्रपट पाठ नसलेला माणूस विरळाच. कृत्रिम माणसं गुऱ्हाळाच्या काहिलीतून जन्माला येतात, हे दुसऱ्या कुठल्या गावाला सुचलं असतं? त्यांच्या अंगातला पारा म्हणजे एरंडेलात कालवलेली चंदेरी भुकटी होती. हे सगळं रंगभूषाकार बागलांनी आयुष्यभर मुलाखतींतून सांगितलं होतं.

"आणि शेवटी त्या बाईच्या डोळ्यातनं पाणी येतं, ते?"

"ग्लिसरीन," बागल म्हणत.

एवढंच ऐकायला नको म्हणून बागलांच्या पत्नी रत्नमालाबाई कट्ट्यावर जात नसत.

नवऱ्याचं प्रतिरूप घरी आणायचं त्यांनीच ठरवलं होतं. गेलेल्या माणसाच्या मुलाखती, फोनवरचे निरोप, घरातली चित्रणं एकत्र करून त्याचं बोलणं-चालणं नव्या देहात उतरवत. जिथे माहिती अपुरी असेल, तिथे तो माणूस बहुधा काय म्हणाला असता याचा अंदाज बांधून प्रतिरूप स्वतःच भर घाली. त्याला रिक्तपूर्ती म्हणत. "शालीला भोक पडलं की रफू करतो ना आपण, तसंच," बसवायला आलेल्या तंत्रज्ञ बाईंनी सांगितलं होतं. "आमचं रफू दिसत नाही." रत्नमालाबाईंना तेव्हा ते बरं वाटलं होतं.

पण त्यांना हवी असलेली गोष्ट कुठल्याच मुलाखतीत नव्हती. शेवटचं दृश्य घ्यायचं त्या दिवशी नायिका तापाने फणफणली होती आणि दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळ पेटणार असल्यामुळे चित्रण पुढे ढकलता येत नव्हतं. तिच्या अंगलटीची बाई हवी होती. रत्नमालाबाईंची पहिली मुलगी बारशाआधीच गेली होती आणि बारशासाठी शेजारून मागून आणलेला पाळणा अजून परत करायचा होता. "त्या पाळण्याकडं बघत बसण्यापरीस मी येते," त्या म्हणाल्या. दिनकररावांनी त्यांच्या पापण्यांवर डोळे रंगवले. कॅमेरा चालू असताना त्या रंगाखालून खरं पाणी आलं. दिग्दर्शक हरखून गेला, तेव्हा दिनकरराव पटकन म्हणाले, "ग्लिसरीन लावलंतं मी." आपल्या लेकराचं दुःख चारचौघांत जाऊ नये म्हणून ते पुढे जन्मभर तेच म्हणत राहिले. नंतर झालेल्या वैजयंतालाही त्यांनी कधी सांगितलं नाही. फक्त तसं म्हटल्यावर दर वेळी घरी येऊन ते बायकोच्या पाठीवर हात ठेवत. त्या मुलीची आठवण एवढ्या हातापुरतीच दोघांत उरली होती.

प्रतिरूप ग्लिसरीन म्हणे आणि हात काही ठेवत नसे. त्याला तरी कुठून ठाऊक असणार?

एका सकाळी पावटे सोलता सोलता रत्नमालाबाईंना राहवलं नाही. "अहो, ते ग्लिसरीन नव्हतं," त्या म्हणाल्या आणि सगळं सांगून बसल्या. प्रतिरूपाने मान थोडी तिरपी करून ऐकलं, अगदी दिनकररावांसारखी. मग हात पाठीवर आला. "मला आठवतंय, रत्ना." त्या पदरात तोंड घालून रडल्या. वर्षभरात पहिल्यांदा त्यांना हलकं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात चित्रपट मंडळाने प्रश्नमंजूषा ठेवली. वैजयंता दोघांना घेऊन गेली. शेवटचा प्रश्न मुद्दाम बागलांसाठी राखला होता: तो अश्रू कसा आणला?

"खरा हुता," प्रतिरूप म्हणालं. "माझी बायको हुती ती. आमचं पहिलं लेकरू गेलं हुतं." पाळण्यापर्यंत सगळं त्याने सांगितलं. त्याचा आवाज नेमका दाटायला हवा तिथे दाटला. वैजयंता आईकडे वळून बघतच राहिली. सभागृहात टाळ्या पडल्या.

"मुलीचं नाव काय होतं, मामा?" मागून कुणीतरी विचारलं.

"शेवंता," प्रतिरूप म्हणालं.

घरी येताना रत्नमालाबाईंनी त्याला वाटेतच थांबवलं. "बारसं झालंच न्हाई तिचं. नाव कुठनं काढलंसा?"

"आपण ठरवलं हुतं की. तुला शेवंतीची फुलं आवडायची."

फुलं आवडायची हे खरंच होतं. नाव ठरवलं होतं का? त्यांनी आठवून पाहिलं. खात्रीने ‘नाही’ म्हणू शकेल असा दुसरा माणूस पंचगंगेच्या घाटावर राख होऊन गेला होता.

त्यांनी तंत्रज्ञ बाईंना बोलावलं. "हे नाव काढून टाका."

"खरं नाव सांगा, बदलून देते."

"नव्हतंच नाव."

बाई अवघडल्या. "रिकामं ठेवता येत नाही हो, आजी. जागा रिकामी दिसली की प्रतिरूप ती भरतंच. आणि यांच्यातून काढलं तरी काय होणार? बाहेर सगळीकडे गेलंय ते."

गेलंच होतं. चित्रपटाच्या गमतीजमती सांगणाऱ्या प्रत्येक ठिकाणी आता ते सापडत होतं: पारा म्हणजे एरंडेल, डोळे पापण्यांवरचे, शेवटचा अश्रू शेवंतासाठी. कट्ट्यावरच्या एका भक्ताने नातीचं नाव शेवंता ठेवून पेढेही आणून दिले. चांगल्या मनाने दिलेले पेढे परत तरी कसे करायचे?

 एका दुपारी वैजयंता आईजवळ येऊन बसली. "आई, दिसायला कशी होती गं ती?"

"शेवंता व्हय? नाक..."

रत्नमालाबाई थांबल्या. नाव त्यांच्याच तोंडून आपसूक आलं होतं. इतकी वर्षं त्या तिला मनातल्या मनात बोलावत होत्या. त्या हाकेत नाव नव्हतं, पण ती नेमकी तिलाच पोचायची. त्यांनी डोळे मिटून ती जागा शोधली. तिथे आता शेवंता होती, नीट नाव असलेली, परकी. त्या आणखी घट्ट डोळे मिटून बसल्या. पण पाणी येईना.

कोपऱ्यातून प्रतिरूप उठलं आणि त्याने अलगद त्यांच्या पाठीवर हात ठेवला, अगदी बरोबर जागी.

"मला आठवतीय ती," ते म्हणालं.

त्याला आठवत होती. सगळ्या गावाला आठवत होती. मग जिला ती खरोखर झाली होती, तिनेच आता तिला कुठे शोधायचं?