भिंतीला फुटलेला घाम

"सात त्रेपन्नची गाडी! तीच पकडायची!" इलारियाने वेळापत्रकावर पेन्सिलीने इतक्या जोरात गोल काढला, की कागद फाटायचाच काय तो बाकी राहिला.

"सात त्रेपन्न? सुट्टीत?" तिचा धाकटा भाऊ तोबिया कळवळला. "सुट्टीतसुद्धा सकाळचे सात वाजतात?"

"मग लोळ घरी! मी आणि एत्तोरे जातो."

एत्तोरे शेजारच्या घरातला, इलारियाच्याच वर्गातला. हिशेबाला पक्का. "जेनोआ ते सान बेर्तोलो दीड तास," तो म्हणाला. "सकाळी समुद्रात, दुपारी तुमच्या आजोबांकडे जेवण, संध्याकाळी साडेसहाची परतीची गाडी. ठरलं! पण गुरुवारच का?"

इलारियाने स्वयंपाकघराचं दार हळूच लोटून घेतलं. "कारण गुरुवारी चार वाजता इंजिनिअरबाई येणार आहेत. आजोबांची भिंत बघायला."

बाचिचा आजोबा म्हणजे सान बेर्तोलोचे भिंतवाले. समुद्रावर उतरणाऱ्या त्या उभ्या डोंगरात द्राक्षांचे मळे टिकतात ते फक्त दगडी बांधांमुळे. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड! पन्नास वर्षं आजोबांनी तेच केलं. आणि आता त्यांच्याच मळ्यातल्या भिंतीला वसंतापासून पोट सुटलं होतं.

"बाईंनी नापास केली तर भिंत पाडून सिमेंटची घालणार," इलारिया म्हणाली. "गावात म्हणतात, म्हाताऱ्याचा हात गेला. आणि आजोबा आईला फोनवर म्हणाले, 'पाडू देत. खरंच हात थकले माझे.'"

आजोबा असं म्हणाले? भिंतीला कुणी बोट लावलं तरी अंगावर धावून जाणारे आजोबा?

"सात त्रेपन्न," तोबिया मुकाट्याने म्हणाला.

गुरुवारी सगळं ठरल्यासारखं झालं. बारापर्यंत तिघांनी समुद्र घुसळून काढला. मग आजोबांच्या हातची हिरवीगार पेस्तो चटणी घातलेला पास्ता आणि तळलेल्या छोट्या मासळ्या. आजोबांनी वाढलं प्रेमाने, पण भिंतीचा विषय निघताच ताटात बघत राहिले.

"आता तीन तास पाण्यात पाय घालायचा नाही!" एवढं बजावून ते आडवे झाले. जेवल्यावर पोहलं की पोटात कळ येते आणि माणूस बुडतो, हे त्या किनाऱ्यावर दीड वर्षाचं पोरही जाणतं. त्यामुळे दुपारी सगळा गाव चिडीचूप. तिघं जाऊन बसले मळ्यात, त्याच भिंतीच्या सावलीत.

तोबियाने पाठ टेकली आणि टुणकन उडाला. "शर्ट ओला झाला!"

"घामट आहेसच तू!"

"माझा नाही गं, भिंतीचा घाम!"

इलारियाने हात लावून पाहिला. भिंत इकडे तापलेली, तिकडेही तापलेली; मधलं फुगलेलं पोट मात्र थंडगार आणि ओलं. तीन आठवडे पावसाचा थेंब नव्हता!

"कुठेतरी पाणी मुरतंय," एत्तोरे म्हणाला आणि स्वतःच दचकला. "अरे, खरंच मुरतंय की!"

वरच्या बाजूला देल्फीनोकाकांचं पर्यटकांना भाड्याने द्यायचं घर होतं, नुकतं रंगवलेलं. समुद्रावरून दोन पाहुणे खिदळत वर गेले. अंगणातल्या अंजिराखाली शॉवर सुरू झाला. एत्तोरेने घड्याळ धरलं. सहा मिनिटांनी दगडांच्या फटीतून टप्प! टप्प! मग चौघांचं कुटुंब आलं. पुन्हा शॉवर, पुन्हा सहा मिनिटं, पुन्हा टप्प टप्प!

तिघं धावतच वर गेले.

"माझं पाणी?" देल्फीनोकाका फुत्कारले. "गेल्या हिवाळ्यात मी स्वतः नळी पुरलीय. पाणी सरळ गटारात जातं! तुमचे आजोबा म्हातारे झाले, हे कबूल करा आणि पळा. पाहुणे झोपलेत!"

"चोराच्या उलट्या बोंबा!" तोबिया खाली येताना धुमसला.

"बोंबा नकोत, पुरावा हवा," इलारिया म्हणाली. "पाण्याला रंग दिला तर?"

तिघांचीही नजर एकाच वेळी आजोबांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेली. आजोबांनी सकाळीच माकुळं साफ केली होती. रात्रीच्या काळ्या भाताकरता त्यांच्या शाईच्या पिशव्या वाटीत काढून ठेवल्या होत्या. चांगल्या सहा!

"पण काका शॉवरजवळ फिरकू देणार नाहीत," एत्तोरे म्हणाला.

"फिरकू देणार नाहीत? स्वतः ढकलतील!" तोबिया म्हणाला. त्याने एक पिशवी कोपरांपर्यंत चोपडली, बाकीच्या मुठीत धरल्या आणि चारला पाच कमी असताना काकांच्या पांढऱ्याशुभ्र दारात उभा राहिला. "काका, हात धुवायला आत येऊ?"

"भिंतीला हात लावू नकोस! पडद्याला नको! मेल्या, तिकडे, शॉवरखाली हो!" काकांनी खरंच त्याला ढकलत नेलं, स्वतःच नळ सोडला आणि हात झटकत इंजिनिअरबाईंना भेटायला खाली निघाले.

खाली इंजिनिअर ओलिवारीबाई वेळेआधीच आल्या होत्या. तोवर त्यांनी भिंत ठोकून पाहिली होती, फूटपट्टी लावली होती; आता त्यांनी मान हलवली. आजोबा टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांना तसं उभं पाहून इलारिया त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"वाईट वाटतं," बाई म्हणाल्या, "पण फुगवटा मोठा आहे." त्यांनी पेन काढलं.

"बाई, सहा मिनिटं थांबा!"

"सहीला अर्धं मिनिट लागतं, बाळ."

"आजोबांना ही भिंत बांधायला सगळा हिवाळा लागला होता! तुम्ही सहा मिनिटं नाही देऊ शकत?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, पेन मिटलं आणि बांधावर बसल्या. "दिली."

पाच मिनिटं. काही नाही. सहा. काही नाही! देल्फीनोकाका गालात हसले. सात. इलारियाने एत्तोरेच्या घड्याळात डोकावून पाहिलं.

आणि फटीतून एक थेंब आला. काळा! मग दुसरा. मग भिंतीच्या पोटावरून काळ्याकुट्ट पाण्याचे ओघळच सुटले!

"देवा रे!" आजोबा पुटपुटले.

"माकुळाची शाई आहे, बाई!" इलारिया ओरडली. "यांच्या शॉवरमध्ये टाकलेली!"

"चालेल आता बंद केला तर?" वरून तोबियाने डोकं काढलं. तो नखशिखांत काळा झाला होता.

बाई तडक वर गेल्या. अंजिराखाली हातभर खणताच नळी सापडली. तिचं टोक मातीत मोकळंच होतं! पुढे जोडलेलीच नव्हती!

"मला वाटलं… माती पिऊन टाकेल," काकांचा आवाज खोल गेला.

"माती नाही, भिंत पीत होती!" बाई कडाडल्या. "चार महिने, रोज! आणि तरी उभी आहे. सिमेंटची असती तर पाणी आत तुंबून कधीच आडवी झाली असती. ज्याने ही बांधली, त्याचा हात गेला, असं कोण म्हणतं!" त्या आजोबांकडे वळल्या. "माफ करा, बाचिचा. देल्फीनो नळी गटाराला जोडतील, आणि त्यांच्याच खर्चाने तुमचा फुगवटा उतरवून पुन्हा रचला जाईल. तो रचणार कोण?"

आजोबांनी टोपी डोक्यावर चढवली. "मी. दुसरा कोण?"

"एकटे?"

आजोबांनी तिघांकडे पाहिलं. नातीकडे, काळ्या नातवाकडे, घड्याळवाल्या एत्तोरेकडे. "एकटा कशाला? लिहा नावं, बाई. ह्या तिघांची."

"अनुभव?" बाईंनी गंभीरपणे विचारलं.

"पन्नास वर्षं मी भिंतीच्या बाहेरून दगड बघत आलो," आजोबा म्हणाले. "माझ्या भिंतीच्या पोटात काय चाललंय, ते ह्या पोरांनी ओळखलं. लिहा: भिंतवाले."

बाईंनी तिन्ही नावं लिहिली आणि प्रत्येकापुढे तो शब्द लिहिला. इलारियाने तो दोनदा वाचला. अभिमानाने तिचा ऊर असा भरून आला, की साडेसहाच्या गाडीची आठवण एत्तोरेलाच करून द्यावी लागली.