टिंबाऱ्याची म्हातारी

मेव्ह हॅलोरनने नेहमीप्रमाणे टाकीतले पावसाचे पाणी किटलीत भरले, स्टोव्ह पेटवला आणि दाराच्या फटीत ओला टॉवेल खोचला. पश्चिमेचा वारा सुटला होता. अशा सकाळी टॉवेल खोचला नाही तर पावावर लोण्याआधी धूळ बसे. टिंबाऱ्यातल्या बहुतेकांप्रमाणे तिचेही घर टेकडीच्या पोटात कोरलेले होते. पाव भाजताना तिला उगाच काहीतरी कमी असल्यासारखे वाटले. मीठ? मीठ जागेवर होते. तिने चहा ओतला.

गावात ती एकटीच पोलीस. पहिला घोट घेते न घेते तोच दारावर थापा पडल्या.

बाहेर डॉरी पास्को उभी होती. दर हिवाळ्यात नवऱ्याबरोबर मोटारघरातून खाणींची गावे पालथी घालणारी सत्तरीची बाई. पायांत दोन वेगळ्या चपला.

"पोरी, ऑल्विनचा पत्ता नाही! फटफटताना उठून गेला असेल. माझा मेलीचा डोळाच उघडला नाही. एरवी ती मागची म्हातारी घुमायला लागली की झोपेचं खोबरं होतं."

म्हातारी म्हणजे मुक्कामाच्या मैदानामागचे, ओपल रत्नांसाठी खणून सोडून दिलेले एक विवर. पश्चिमेचा वारा तोंडावरून गेला की ते घुमे. त्याच्यावरचा पत्रा मेव्हची इथे बदली होण्याआधीच कधीतरी वादळात उडून गेला होता.

मोटारघराची पायरी खाली ओढलेली होती. दाराशी खुंटीवर कॅमेरा आणि शेजारी तीन कप टांगलेले होते.

"तिसरा कुणाचा?" मेव्हने विचारले.

"एम्लिनचा. ऑल्विनचा धाकटा भाऊ. इथंच ओपल खणायचा, विशीत नाहीसा झाला. त्याच्यापायीच तर आमची वणवण. मी म्हणते, अरे, सापडला तरी तो अजून चहाच पीत असेल कशावरून?" ती हसली आणि तिचे डोळे भरून आले.

"काल काही घडलं का?"

"म्हातारीजवळच्या ढिगाऱ्यात त्याला पितळी दिवा सापडला. घासत बसला. बुडाशी खिळ्यानं कोरलेला पक्षी निघाला. एम्लिन सगळ्यावर तोच पक्षी कोरायचा. मग मला म्हणाला, तू झोप."

दिवा मोटारघरात नव्हता.

मैदानाचा रखवालदार वॅल ट्रेगार समोरच्या आपल्या विवरातून नुकताच वर आला होता. आपल्या चाकांवरच्या रहाटाला टेकून तो घाम पुसत होता.

"शोधणार कुठं, बाईसाहेब? इथं बिळं हजारो. ही फिरस्ती मंडळी कॅमेरा डोळ्याला लावून मागं मागं सरकतात, ती थेट पाताळात."

"ऑल्विनला पाहिलंत?"

"पहाटे. गळ्यात कॅमेरा. पूर्वेला, नव्या खाणींकडे चालला होता."

"एम्लिनला ओळखत होतात?"

"बरोबर खणायचो. कंटाळला, एका ट्रकात बसून गेला. दरवर्षी सांगतो ऑल्विनला. ऐकेल तर शपथ!"

बोलता बोलता वॅलने पायाने पत्रा विवरावर सरकवला आणि न पाहता त्यावर दगड ठेवला. वर आलेल्या माणसाने तोंड झाकायचे, हे टिंबाऱ्यात शिकवावे लागत नाही.

मेव्ह त्या दगडाकडे पाहत राहिली. वाऱ्याने तिची टोपी उडवली. ती उचलायला वाकताना सकाळपासून काय कमी होते ते तिला कळले.

"डॉरीबाई, वारा कुठून येतोय?"

"पश्चिमेकडून. का गं?"

"मग म्हातारी गप्प का?"

वॅलने मान खाली घातली.

त्या दोघी धावल्याच. जुन्या विवराच्या तोंडावर पत्रा होता, पत्र्यावर दगड. काठावर दोराचे ताजे व्रण. दोघींनी पत्रा ओढून फेकला. म्हातारीने श्वास घेतल्यासारखा आवाज केला आणि ती घुमू लागली. त्या घुमण्याखाली दगडावर धातू आपटत होता. ठक. ठक.

"ऑल्विन!"

"डॉरी," खालून खोल आवाज आला, "पाय मोडलाय. पण मी इथं एकटा नाही."

"ऑल्विननंच झाकलं असेल, उतरताना," मागून वॅल पुटपुटला.

"आत शिरून वरून दगड ठेवला?" मेव्ह वळली. "कॅमेरा खुंटीवर आहे, वॅल. गेलाय तो दिवा. ढिगारा या विवरातून उपसलेल्या मातीचा. तेव्हा दिव्याचा धनीही इथंच असणार, हे ऑल्विननं ओळखलं. खाली सोडायला रहाट तुमचाच. त्यानं ओरडून सांगितलं काय सापडलं ते, आणि तुम्ही दोर वर ओढलात. चढायच्या धडपडीत तो पडला असेल. एवढ्यावर थांबला असतात तर मीही म्हटलं असतं, अपघात. पण हातानं सवयीनं तोंड झाकलं. पडलेला माणूस डोक्यावर पत्रा ओढून घेत नाही, आणि बाहेरच्याला झाकायचं सुचत नाही."

वॅल ढिगाऱ्यावर बसला.

"मी एम्लिनला मारलं नाही. छत कोसळलं. तो आत हाका मारत होता. माणसं बोलावली असती तर त्यांनी खडकातली आमची ओपलची शीर पाहिली असती. म्हटलं, आधी शीर लपवू. लपवेपर्यंत हाका थांबल्या." त्याने विवराकडे पाहिले. "मग पत्रा उडाला आणि ही सुरू झाली."

"गाव सोडून का गेला नाहीत?"

"हिच्या हाका कुणीतरी ऐकायला नकोत?"

त्याने आपण होऊन रहाटाकडे पाऊल टाकले. डॉरी मध्ये उभी राहिली.

"तुझा हात लावायचा नाही. मेव्ह, इकडे ये. धर."

एम्लिनला वर आणायला अधिक वेळ लागला. तोवर वॅलला शहरात नेले होते. मोटारघर निघण्याच्या दिवशी डॉरीने तिसरा कप खुंटीवरून काढला, चहाने भरला आणि मेव्हच्या हातात दिला.

"ते विवर उघडंच ठेवा, असं गाव म्हणतंय," मेव्ह म्हणाली. "आवाजाची सवय झालीय."

ऑल्विनने प्लास्टरातला पाय सावरत बायकोकडे पाहिले. डॉरी मागच्या विवराशी पडलेल्या पत्र्याचे एक टोक उचलायला गेली. मेव्हने कप खाली ठेवून दुसरे धरले. दगड ऑल्विनने ठेवला.

दुसऱ्या सकाळी पुन्हा पश्चिमेचा वारा सुटला. मेव्हने दाराच्या फटीत टॉवेल खोचला. हातात किटली घेऊन ती थोडा वेळ कान देऊन उभी राहिली आणि मग तिने स्टोव्ह पेटवला.