कॉफी निवतेय

गाव आणि बागांच्या मध्ये सैन्यानं घातलेल्या कुंपणाच्या फाटकाशी पहिल्यांदा गाठ पडली, तेव्हा तहानीनं मजदला चक्क गाढव ठरवलं होतं. जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, तोडणीपुरतं सैनिक फाटक उघडत, आणि पलीकडच्या आपल्याच बागेत जायचं तर शंभर चौकश्या.

"हा कोण?" सैनिकानं विचारलं. पाठीवर भलीमोठी पिशवी घेतलेला एक परका तरुण तहानीच्या मागे रांगेत उभा होता.

"आमचं गाढव आजारी आहे," तहानी म्हणाली. "त्याच्या बदली आणलाय."

मग काय! हैफा शहरातून गावावर माहितीपट करायला आलेला मजद दिवसभर पोती वाहत होता. "गाढवालाही नाव असतं हो," तो धापा टाकत म्हणाला.

"आमच्याला नाही. हाक मारायची वेळच येत नाही, सारखं मागे-मागेच असतं."

तेव्हापासून कॅमेरा गावावर आणि नजर... जाऊ दे. तोडणी संपली. आज दुपारी तो निघणार होता. रस्ते बंद झाले की पुन्हा कधी येईल कोण जाणे, आणि या बाबानं अजून एक शब्द काढला नव्हता. तहानीला रडू येत होतं, शिवाय त्याला दोन रट्टेही द्यावेसे वाटत होते.

निरोपाची कॉफी तिनंच आणली. मजद तिच्या वडिलांचं, अबू नासिरांचं, शेवटचं दृश्य टिपत होता. कॅमेऱ्यावरून डोळा न काढताच त्यानं पेला खाली ठेवला.

"घे रे बाळा," अबू नासिर म्हणाले.

"नको काका. आधी माझं काम होऊ दे, मग पितो."

अबू नासिरांची जपमाळ थांबली. शेजारी बसलेले तहानीचे दोन्ही काका सावरून बसले. एकानं तर आतून तिच्या आईलाही बोलावलं.

तहानी मजदकडे वाकून पुटपुटली, "अहो शहाणे, मुलगी मागायला आलेला माणूस असं बोलतो. मुलीकडच्यांनी होकार देऊन 'प्या' म्हणेपर्यंत कॉफीला तोंड लावत नाही — विसरलात? प्या पटकन, नाहीतर अडकाल."

मजदचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं कॅमेरा बंद केला. पेला उचलला... तिनं डोळे मिटून घेतले.

"काका," तो म्हणाला. पेला त्यानं आणखी लांब ठेवला. "आई-वडिलांना घेऊन यायला हवं होतं, चुकलं माझं. पण ही कॉफी मी खरंच पिणार नाही."

"मघाशी चुकून बोललास ना?"

"मघाशी चुकून. आता मनापासून."

अबू नासिर लेकीकडे वळले. "काय गं? तुझं काय म्हणणं?"

तहानीचे कान तापले होते. इतके दिवस तुरुतुरु चालणारी जीभ आज नेमकी अडखळत होती.

"निवतेय ती..." ती म्हणाली. "प्यायला सांगा त्यांना."