उतरलेले चार किलो

तो बाकावर तिच्याशेजारी बसला आणि खण्ण असा आवाज झाला.

टेलरबाईने मान वळवून पाहिलं. नव्या इंजेक्शनच्या चाचणीला आलेले सगळे एकमेकांना धंद्यावरूनच ओळखत, म्हणून ती टेलरबाई. दर गुरुवारी सकाळी दवाखान्याच्या या लांबट खोलीत जमायचं, काट्यावर उभं राहायचं, वजन उतरवायची सुई पोटाला टोचून घ्यायची. असं वर्षभर. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, ते सिस्टरलाही ठाऊक नव्हतं.

"सुईला घाबरता?" त्याने विचारलं.

"सुई माझ्या हातात रोजच असते. मी माणसांना घाबरते."

"मग चिंता नाही. मला माणसांत धरू नये, असं आमच्या आईचं मत आहे."

तिला हसू आलं… आणि लगेच तिने ते आवरलं. गोड बोलणाऱ्यांचा तिला अनुभव होता. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं होतं. होणारा नवरा असाच हसवायचा, आणि एक दिवस हसत हसतच म्हणाला, "आधी दहा किलो उतरव, मग तारीख काढू." तिने अंगठी परत केली आणि कानाला खडा लावला. चाचणीला ती आली होती ती स्वतःच्या गुडघ्यांसाठी. मशीनचं पायडल मारून ते कुरकुरायला लागले होते.

"तुम्ही काय करता?" तिने विचारलं.

"दुरुस्तीची कामं."

"कसली?"

"बिघडलेल्या वस्तूंची," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

पाणी मुरत होतं, नक्की मुरत होतं. नवखा माणूस, आणि सिस्टर त्याच्याकडे बघून ओळखीचं हसली!

आठवडे गेले. बाकावर आता फक्त अनुभवांच्या गप्पा. बसचालकाला चहाच्या वासानेही मळमळायचं. निवृत्त शिक्षिका म्हणायच्या, "ताट समोर आलं की अवघड पेपर हातात पडल्यासारखं वाटतं." टेलरबाईची भूक तर सांगून न जाता कुठेतरी निघून गेली होती. पूर्वी ती शिवता शिवता सहज बिस्किटाचा पुडा संपवायची. आता तोच पुडा आठवडाभर उघडा पडून मऊ व्हायचा आणि तिला त्याचं काहीच वाटायचं नाही. हे काही वाटेनासं होणंच तिला भीतिदायक वाटे. सुई आणखी काय काय घेऊन जाणार होती?

पण गुरुवारी सकाळी ओढणी दोनदा बदलली जायची, ते मात्र सुईने घालवलं नव्हतं.

"आज निळा रंग…" तो म्हणायचा. "छान दिसता."

"दोन किलो उतरलंय माझं. म्हणून."

"मला काट्यातलं कळत नाही. रंगातलं कळतं."

हरभऱ्याच्या झाडावर चढवतोय, ती स्वतःला बजावायची, आणि घरी जाईपर्यंत त्याच झाडावर बसून राहायची.

त्याचं वजन मात्र शहाण्या मुलासारखं उतरत होतं. आठवड्याला अर्धा किलो, ना कमी ना जास्त. चाचणी सोडायला निघालेला बसचालक त्याचा आकडा ऐकून थांबला. आणि आठव्या गुरुवारी टेलरबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वजन उतरलं की आधी चेहरा, मग गळा सैल पडतो, हे तिने शेकडो गिऱ्हाइकांवर पाहिलं होतं. याचं तर चार किलो उतरलं म्हणे, आणि कॉलरचं बटण अजून गळ्यात रुततंय! सैल पडले होते ते फक्त पँटचे खिसे. हा कंपनीचा माणूस होता! लोकांचा विश्वास टिकावा म्हणून आणून बसवलेला! आणि तिचं ते 'छान दिसणं'ही बहुधा त्याच्या नोकरीतच बसत असणार. 

पुढच्या गुरुवारी ती टेप घेऊनच आली. त्याला तिने व्हरांड्यात गाठलं.

"चार किलो उतरले ना? शर्ट घट्ट करून देते. माप द्या."

"इथे? आत्ता?"

"मान वर करा."

टेप गळ्याभोवती फिरली. तिच्या बोटांना त्याचा श्वास लागला… तिने आकडा पाहिला.

"सोळा. कॉलरही सोळाचीच. कंपनी किती देते तुम्हाला?"

"कोण कंपनी?" तो गोंधळला. मग त्याने मान खाली घातली आणि खिशातून एक जाडजूड पितळी कुलूप काढून तिच्या हातावर ठेवलं. "मी कुलूपवाला आहे. चाचणीत शिरायला साडेचार किलो कमी पडत होते, तेवढी… कुलपं खिशात घालून आणली. सहा आठवड्यांत काहीच उतरलं नाही तर नाव कापतात, असं ऐकलं. म्हणून दर आठवड्याला थोडी थोडी काढत गेलो. हे शेवटचं."

"पण का?"

"औषधाच्या कपाटाचं कुलूप बसवायला आलो होतो. तुम्ही पहिल्या तपासणीला आला होतात. सिस्टरला दरडावून सांगत होतात — चपलांचं वजन माझ्या नावावर लिहायचं नाही! मी हसलो, तर स्क्रूच हातातून पडला."

ती हसली नाही. "आणि त्यासाठी न तपासलेलं औषध पोटात टोचून घेतलंस? वेडा आहेस? तुझे आकडे खरे धरून उद्या कोणीतरी हे औषध घेईल. आत जा आणि डॉक्टरांना सगळं सांग."

"नाव कापतील. मग गुरुवार…"

"जा म्हणते ना!"

आपण त्याला अरे-तुरे करतोय, हे तिला दार बंद झाल्यावर कळलं. पाऊण तास ती व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती. मागच्या दाराने पळून गेला असेल, अशी शंकाही तिने मनात घेऊन पाहिली.

तो बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "भरपूर ऐकवलं. माझे सगळे आकडे बाद. रक्त तपासणार आहेत."

"मला एक सांग," तिचा आवाज बारीक झाला. "अर्ध्यातून मीही सोडलं हे सगळं… आणि पुन्हा होते तेवढी झाले, तर?"

"तेवढीच बघून तर खिसे भरले मी."

तिने डोळे मिटून घेतले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला कडकडून भूक लागली होती.

आतून सिस्टरने हाक मारली.

"माझे गुडघे अजून दुखतात," ती म्हणाली. "मी सुई घेणार आहे. माझ्यासाठी."

"घे की."

"त्रेचाळीस गुरुवार राहिलेत."

तो पायरीवर ऐसपैस बसला. "मग बाहेर एक बाक टाकायला सांग त्यांना."