नवा फोटो जुना करून द्या

"हा फोटो जुना करून हवाय," तो म्हणाला.

नुकुआलोफाच्या बाजारासमोरच्या आमच्या दुकानात लोक नेमकं उलटं मागतात. सुरकुत्या पुसा, आभाळ निळं करा, पोट आत घ्या! अख्ख्या टोंगातल्या लग्नांच्या संध्याकाळी मी कॉम्प्युटरवर सोनेरी केल्या असतील. पण जुना?

मी मान वर केली. वाऱ्याने विस्कटलेले केस, कमरेला इथल्या रिवाजाप्रमाणे नीट बांधलेली चटई, आणि हसू... असं, की मुलीने लगेच सावध व्हावं.

"किती जुना?"

"चाळीस वर्षं तरी. रंग उडालेला, कडा पिवळ्या, मधोमध घडीची रेघ. जमेल ना?"

फोटोत तोच होता. लाकडी चर्चच्या पायरीवर, पांढऱ्या शर्टात. शेजारी मुद्दाम सोडलेली रिकामी जागा.

"कशाला हवाय?"

"घरचं काम आहे."

आमची जमीन अशाच एका 'जुन्या' फोटोपायी गेली होती. कुणीतरी आपल्या आजोबांना आमच्या नीरफणसाखाली उभं केलं, फोटो पिवळा केला आणि वाद जिंकला.

"उद्या या," पावतीवर त्याचं नाव, फोलाउ, लिहून घेत मी तुटकपणे म्हणाले. तो गेल्यावर फोटो मोठा करून सावल्या तपासल्या, कडा तपासल्या. सगळं खरं! मग जुना कशाला करायचा? माझा संशय आणखीच वाढला.

दुसऱ्या दिवशी तो शहाळं घेऊन आला.

"लाच?"

"तहान लागली असेल म्हणून..."

"खोटं करणाऱ्यांच्या हातचं मी पाणीही पीत नाही."

"मग तुमचे फार हाल होत असतील. लोकांची पोटं कोण आत घेतं?"

हसू आलं, पण मी ते गिळलं. "आधी सांगा, जमीन कुणाची लाटताय?"

"जमीन?" तो हसायला लागला... आणि एकदम थांबला. खिशातून त्याने एका तरुण बाईचं जुनं ओळखपत्र काढलं. "ही माझी आई. गेल्या वर्षी गेली. वादळात समुद्र घरात शिरला तेव्हा आई-बाबांच्या लग्नाचा एकुलता एक फोटो वाहून गेला. मी बाबांसारखाच दिसतो, म्हणून त्याच पायरीवर उभा राहिलो. घडी कुठून पडली होती, तेही बाबांनीच सांगितलंय."

"मग कालच का नाही सांगितलंत?"

"काल तुम्ही इतक्या रागाने बघत होता... आईचं नाव काढलं असतं तर रडलो असतो. अनोळखी मुलीसमोर कोण रडतं?"

मी शहाळं जवळ ओढलं. "पण ओळखपत्रावर नुसता चेहरा आहे. अंगाने कुणीतरी उभं राहायला हवं. बहीण?"

"नाही."

"मावशी?"

"तिच्यात दोन नवऱ्या मावतील."

"मग... असे काय बघताय?"

"उंची बघतोय."

शनिवारी मी त्या पायरीवर उभी होते, झाडाची साल कुटून केलेलं नवरीचं कापड गुंडाळून. कॅमेरा आमच्या मालकीणबाईंच्या, विकाबाईंच्या हातात.

"जवळ सरका, लग्न झालंय तुमचं!" त्या ओरडल्या.

"कामापुरतं," मी पुटपुटले.

"हो... कामापुरतंच," फोलाउ म्हणाला, आणि माझ्या गळ्यातला फुलांचा हार सरळ करताना त्याने नजर चुकवली.

मग मी फोटोच्या कामाला बसले. त्याच्या आईचा चेहरा बसवला, ऊन जुळवलं, रंग हळूहळू उतरवले, घडी पाडली. माझाच चेहरा पुसताना मात्र बोट जरा रेंगाळलं.

फोटो घेऊन तो गेला, तो गेलाच. आठवडा उलटला. काम झालं, माणूस पसार! मी स्वतःलाच बोल लावत होते, तेवढ्यात तो दारात उभा.

"बाबांना आवडला नाही?"

"खूप वेळ बघत बसले. मग म्हणाले, चेहरा तुझ्या आईचाच. पण तिने लग्नात माझा हात एवढा घट्ट धरला नव्हता. ही मुलगी कोण?"

माझे कान तापले. "मग... काय सांगितलंस?"

"खरं तेच. मला फार आवडते, पण तिचा माझ्यावर विश्वास नाही."

"आणि हात तू धरला होतास, हे नाही सांगितलंस?"

"मी? बघ की काढून."

मी मूळ फोटो उघडला, काहीही न बदललेला. मोठा केला. तो माझ्या खांद्यावरून वाकला...

माझीच बोटं त्याच्या मनगटाभोवती मिटलेली होती.

"बाबा रविवारी जमिनीतल्या भट्टीत अळूच्या पानांची पुडकी भाजायला लावणार आहेत," तो हळूच म्हणाला. "तुला बोलावलंय, लेसिएली."

मी स्क्रीनवरून नजर काढली नाही. "चर्चनंतर," मी म्हणाले, "घ्यायला ये."