थाळीवर बोट, पेटीत पेंढा

ऐका ना गं, मधे बोलू नका, नाहीतर मी विसरेन!

दोन हजार सतराचा एप्रिल. मी घोलवडच्या वाडीत चिकू भरायला जायची आणि डोक्यात एकच खूळ... डीजे व्हायचं! माझ्या चुलतबहिणीचं, सुषमाताईचं लग्न तोंडावर आलेलं. तिचे वडील, हरिश्चंद्रकाका म्हणाले, "हळदीला तू वाजव. पण एकदा जरी गाणं अडकलं, तर बाहेरचा डीजे बोलवीन. मग परत हे नाव काढायचं नाही."

म्हणून मी तलासरीला, साउंडच्या दुकानात, डीजेचं तबकड्या फिरवायचं यंत्र घ्यायला.

"ती लाल लाइटवाली टर्नटेबलची जोडी द्या."

काउंटरमागच्या पोराने मान वर केली. डोळे... जाऊ दे, डोळ्यांचं नाही सांगत.

"नाही देणार."

"का? पैसे आणलेत मी!"

"म्हणूनच. इकडे या. फिरत्या थाळीवर बोट ठेवा... आता सोडा."

सोडलं. थाळी फिरली, पण कशी? चिखलातनं उठणाऱ्या म्हशीसारखी!

"आत रबरी पट्टा आहे. वेग घ्यायला वेळ लावतो. गाणी ऐकायला ठीक. तुम्हाला गाणं बरोब्बर ठोक्यावर सोडायचंय ना?" त्याने कोपऱ्यातलं ओरखडे पडलेलं, सेकंडहँड काढलं. "ह्याच्यात मोटर थेट थाळीखाली."

बोट ठेवलं, सोडलं — पळाली! परत ठेवलं, परत पळाली. चौथ्यांदा थाळीवर दोन बोटं होती. एक माझं नव्हतं.

दोघांनी एकदम उचललं.

"पण एवढ्या पैशात हे एकच येईल हो," मी रडवेली.

"एकच घ्या. असंच दुसरं माझ्या घरी आहे. लग्नापुरतं न्या."

तेवढ्यात खरा दुकानदार चहा पिऊन आला. "काय रे धनेश, तुझा अँप्लिफायर दुरुस्त करायला जागा दिली, तर माझंच गिऱ्हाईक फिरवतोस?"

म्हणजे हा दुकानदार नव्हताच! मी ओढणी तोंडावर धरून हसले.

मग काय, रोज संध्याकाळी धनेशची बाईक आशागडला, आमच्या घरी. तबकड्या त्याच्या, लॅपटॉप त्याचा; गाणी लॅपटॉपात, ती थाळीवरच्या तबकडीने पुढेमागे करायची.

"मयूरी, घाई करतेस."

"तूच हळू आहेस."

"मला पट्टावाला समजतेस काय?"

कसं हसू आवरायचं, सांगा!

हळदीची दुपार. अंगण शेणाने सारवलेलं, लाकडी बाकावर आमची जोडी. पहिलं गाणं मस्त. दुसऱ्याला पन्नास माणसं हात धरून नाचायला लागली... आणि धडाधड पाय आपटले की सुई उडायची! गाणं अडकलं. पुन्हा अडकलं.

काकांनी खिशातनं फोन काढला.

धनेशचा चेहरा पडला. "दुकानात जमीन हलत नव्हती गं... मला सुचायला पाहिजे होतं."

आणि मला सुचलं! चिकू टेम्पोत आदळतात तेव्हा आम्ही काय करतो? पेंढा घालतो! मी गोठ्याकडे धावले. चिकूच्या दोन पेट्या पेंढ्याने गच्च भरल्या, वर फळी, फळीवर टर्नटेबल. मी थाळीवर बोट ठेवलं, धनेशने सुई टेकवली आणि हळूच म्हणाला, "सोड."

मी बोट उचललं.

गाणं बरोब्बर ठोक्यावर! पन्नास माणसं नाचली, सुई हलली नाही. काकांनी फोन खिशात टाकला आणि स्वतःच नाचायला घुसले!

दुसऱ्या दिवशी त्याचं टर्नटेबल परत द्यायचं होतं. त्याच्यामुळे मी उभी राहिले गं. पण आमच्याकडे थँक्यू कोण म्हणतं? जीभच वळेना. मी ते पेंढ्यात नीट पॅक केलं आणि मधे मधे सहा चिकू ठेवले. माझ्या हातचे निवडलेले.

"कच्चे आहेत," मी बाईकला पेटी बांधताना म्हटलं. "चार दिवस लागतील."

"आणि पिकल्यावर?"

"मऊ लागला की... समज, मी हो म्हटलं."

"मी तर काही विचारलंच नाही!"

"मग विचार ना..."

तो लाल झाला. बाईक दोनदा बंद पडली.

सकाळी सातला फोन.

"एक मऊ झालाय."

"खोटारड्या! कालच भरलेत मी."

"रात्रभर दाबत बसलो होतो... आणि हे टर्नटेबल घेऊन येतोय परत. तुझ्याकडचं एकटं पडेल. ठेवशील ना? दोघांना?"

मी बोलले, "ये."

आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा — "थँक्यू."