मागून येणारी काठी

दर सोमवारी टेकडी चढायची, ही फादरांची जुनी सवय. लोकांना वाटे तब्येतीसाठी. फादरही तसं वाटू देत. पण साऱ्या वस्तीची पापं ऐकणाऱ्याने स्वतःची सांगायची कुठे? फादर ती थोरल्या फादरांना सांगत. ते निवृत्त होऊन पायथ्याशी बहिणीकडे राहत. पायवाट एका माणसापुरतीच; फादर पुढे निघत, थोरले फादर मागून येऊन मिळत. पुढे सांगणारा, मागे ऐकणारा, आणि वळून बघायचं नाही, हा दोघांचा नेम. सांगून झालं की मागून कुजबुजत प्रायश्चित्त येई आणि काठी दगडावर दोनदा वाजे. म्हणजे क्षमा झाली. मग थोरले फादर परस्पर दुसऱ्या वाटेने उतरून जात.

या हिवाळ्यात फादरांनी मनातलं सगळ्यात जड ओझं तिथे उतरवलं होतं. प्रार्थना करताना पलीकडे कोणी असतं, असं त्यांना आता वाटत नव्हतं. मागून ऐकणारा एक माणूस आहे, एवढ्याच आधारावर ते तगून होते.

शनिवारी बेकरीवाल्या मावशींनी पाव बांधता बांधता आवाज खाली आणला.

"फादर, मनाला लावून घेऊ नका. पलीकडे कोणी नाही असं वाटतं ना? होतं असं. त्यात हल्ली पहाटेही कबुली ऐकायला बसता. दमणूक होणारच."

पहाटेचं फादरांच्या कानात शिरलंच नाही. कबुलीत ऐकलेलं जीव गेला तरी पोटात ठेवायचं असतं. ज्याच्या मांडीवर विश्वासाने डोकं ठेवलं, त्यानेच केसाने गळा कापला होता. पाव तिथेच टाकून ते तडक पायथ्याशी गेले.

थोरले फादर खिडकीपाशी बसले होते. पायांवर घोंगडी.

"वाट चुकलास वाटतं!" ते हसले. "मला वाटलं, म्हाताऱ्याला विसरलास."

"तुम्ही सांगितलंत ना सगळ्यांना?"

"काय सांगितलं?"

"दर सोमवारी टेकडीवर जे ऐकता ते!"

थोरल्या फादरांचं हसू मावळलं. त्यांनी घोंगडी बाजूला केली. गुडघे सुजून भोपळ्याएवढे झाले होते.

"दादा उन्हाळ्यापासून उंबऱ्याबाहेर पडलेला नाही," बहीण म्हणाली.

काठी दाराआड खुंटीला होती. मुठीपासून खुंटीपर्यंत कोळ्याने जाळं विणलं होतं.

फादरांनी जाळ्याला बोट लावून पाहिलं. मघाशी रागवायला निदान एक माणूस होता. आता तोही नव्हता.

"अरे, मग मागे जो कोणी होता, त्याने प्रायश्चित्त काय दिलं तुला?" थोरल्या फादरांनी हलकेच विचारलं.

"दर वेळी एकच. चर्चला कुलूप लावायचं नाही."

"आणि तू?"

"नाही लावलं."

ते धावतच परतले. दिवेलागण झाली होती. शनिवारच्या कबुलीसाठी माणसं बाकावर शांत बसली होती.

कबुलीच्या खोलीवरचा छोटा दिवा लागलेला होता. फादर आत बसले की तो लावायचा, अशी पद्धत.

मावशी डोळे पुसत बाहेर आल्या. समोर फादरांना पाहून थबकल्या. मग सावकाश मागे वळून त्यांनी खोलीच्या पडद्याकडे पाहिलं.

आत काठी दोनदा वाजली.

बाकावरचा पुढचा माणूस उठला.